कवळीवाले अध्यक्ष

त्या जुन्या गाड्यांच्या क्लबात अध्यक्ष व्हायची हौस खरं तर कुणालाच नव्हती. सगळ्यांना गाड्या हव्या होत्या, सभा नको होत्या. पावत्या फाडा, मैदानाची परवानगी काढा, रुसलेल्याच्या घरी जाऊन त्याची समजूत घाला, ही नसती उठाठेव करणार कोण? मग ती आली कवळीवाल्यांच्या गळ्यात. ते नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणं त्यांना जन्मात कधी जमलंच नाही, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला, असं माझं मत आहे. तुम्ही ऐका आणि तुमचं ठरवा.

धंदा कवळ्यांचा. घराच्या पुढच्या खोलीत पाठ मागे पडणारी एक जुनी खुर्ची, एक बेसिन आणि भिंतीला आरसा. मागच्या खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, घासायची मोटर आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. कुणाचा जबडा कुठला हे ते न बघता सांगायचे. त्याच फळीवर, जबड्यांच्या शेजारी, गाडीच्या डॅशबोर्डची बटणंही वाळत पडलेली असायची. जुन्या गाडीची बटणं बाजारात मिळत नाहीत, म्हणून हे बहाद्दर ती कवळीच्या मालातून बनवायचे. त्यामुळे क्लबातल्या निम्म्या गाड्यांच्या वायपरचं बटण हिरडीसारखं गुलाबी होतं, आणि त्याचा सगळ्यांना कोण अभिमान.

क्लबातली प्रत्येक गाडी एकाच जातीची, तिचं नाव थोरली. इथल्याच एका कंपनीने काढलेला पहिला नमुना, म्हणून थोरली. गोल दिवे, जाडजूड पत्रा, बॉनेट उचलायचं तर दोन्ही हात लागायचे. नंतर कंपनीने पाच-सात नमुने काढले, पण क्लबवाल्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अध्यक्षांकडे थोरली होती, ती रविवारी बाहेर निघायची. एरवी ते स्कूटरवर फिरायचे. वकिलांकडे दोन होत्या. औषधाच्या दुकानदाराकडे एक होती, तिची तो बायकोपेक्षा जास्त काळजी घेतो असं त्याची बायकोच सांगायची.

अध्यक्षांचा धाकटा भाऊ त्याच कंपनीच्या कारखान्यात दारं बसवायच्या विभागात होता. आईवडील गेल्यावर त्याला अध्यक्षांनी आणि त्यांच्या बायकोने वाढवलं, शिकवलं आणि क्लबातल्या एका ओळखीने कारखान्यात चिकटवलं. त्याला आता शाळेत जाणाऱ्या दोन मुली होत्या. दादाचा शब्द म्हणजे त्याला आजही शेवटचा. तो वहिनीशी भांडायचा, तिची थट्टा करायचा, पण दादापुढे आवाज चढवायचा नाही.

तर कंपनीची हालत खस्ता झाली. नव्या गाड्या विकल्या जाईनात. कारखान्याच्या आवारात त्या रांगेने उभ्या राहिल्या आणि त्यांच्या चाकांमधून गवत वर आलं. पगार पुढे ढकलले जाऊ लागले. आणि मग बातमी आली, एक परदेशी कंपनी सगळं विकत घेणार. कारखाना चालू राहील, माणसं राहतील, पण इंजिन त्यांचं. आपल्या बिल्ल्याच्या जागी त्यांचा बिल्ला, आणि आपलं नाव खाली बारीक अक्षरात.

क्लबाच्या अंगाचा तिळपापड झाला. सभा भरली ती शाळेच्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर. एवढी मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"आपल्या पोटात दुसऱ्याचं काळीज," वकील म्हणाले. "अशी गाडी जगली काय आणि मेली काय."

"त्यापेक्षा मानाने बंद पडू दे," औषधवाला म्हणाला, आणि लोकांनी बाकं वाजवली.

मानाने बंद पडू दे. बंद पडणार होतं ते दुसऱ्याचं घर, तेव्हा म्हणायला काय जातंय? वकिलांची रोजच्या वापराची गाडी शाळेच्या फाटकाबाहेर उभी होती, ती त्याच परदेशी कंपनीची होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सगळे मूग गिळून बसले. अध्यक्षही बसले. त्यांनी ठराव लिहिला आणि खाली सही केली.

पण ठराव करून काय होणार? किल्ली होती बाईंच्या हातात. बाई म्हणजे कंपनी ज्यांनी काढली त्यांची मुलगी. कारखाना चालवणारे साहेबलोक वेगळे होते, पण कंपनीचं नाव आणि मोठा हिस्सा वडिलांनी मुलीच्या नावे ठेवला होता. बाईंची सही झाल्याशिवाय विक्री होणार नव्हती. बाईंचं वय झालेलं, घरात एक कामवाली आणि त्या, दोघीच. आणि बाईंची कवळी सैल झालेली. नवी कवळी कोण करत होतं ते सांगायला नको.

हे धाकट्याला माहीत होतं. तो एका संध्याकाळी आला, वहिनीने दिलेला चहा घेतला आणि मागच्या खोलीत जबड्यांसमोर स्टूल ओढून बसला.

"दादा, तू बाईंकडे मापाला जाणार आहेस ना?"

"परवा."

"त्यांना सांग ना सही करायला."

अध्यक्ष बटण घासत होते, ते घासतच राहिले. "क्लबाचा ठराव वेगळा आहे रे."

"क्लबाचा," धाकटा म्हणाला. "दादा, एक विचारू? राग मानू नकोस. तुमच्या क्लबात कंपनीची नवी गाडी शेवटची कोणी घेतली?"

अध्यक्षांनी आठवून पाहिलं. एकाचंही नाव आठवेना.

"मी दारं बसवतो, आणि ती दारं आवारात गंजतात," धाकटा म्हणाला. "तुमचं प्रेम आहे ते आजोबांच्या काळातल्या गाडीवर. आमचा पगार निघतो नव्या गाडीतून. ती तुम्ही घेतली नाहीत, आता तिसरा कोणी घेतोय तर त्यालाही हाकलताय."

अध्यक्षांनी बटण उजेडात धरून बघितलं.

"कामगार बाईंच्या घरी जायचं म्हणत होते, सगळे मिळून," धाकटा पुढे म्हणाला. "मीच अडवलं. म्हटलं, एवढी माणसं दारात बघून म्हातारी घाबरायची आणि उलटंच काहीतरी करून बसायची. माझा भाऊ जातो त्यांच्याकडे, तो शांतपणे सांगेल, त्याचं त्या ऐकतात. सगळे माझ्या शब्दावर थांबलेत."

"बरं."

"बरं म्हणजे सांगशील ना?"

"सांगतो," अध्यक्ष म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या वहिनीनेही ते ऐकलं. धाकटा शीळ घालत घरी गेला.

आता बाईंच्या घरातलं. अंगणात ताडपत्रीखाली कारखान्यातून निघालेली सगळ्यात पहिली थोरली. आत उंच छताची खोली, भिंतीवर वडिलांचा फोटो आणि खिडकीशी बाईंची खुर्ची. बाई बोलायला अघळपघळ, पण कवळी नसली की शब्द तोंडातच सांडायचे, म्हणून हात हलवून पुरं करायच्या.

"कारखान्याचे साहेब रोज फोन करतात," बाई म्हणाल्या. "सही करा, सही करा. मला वाटतं करून टाकावी. वडिलांचं नाव बारीक झालं तर झालं. माणसांच्या चुली पेटत्या राहतील. तुम्हाला काय वाटतं?"

अध्यक्षांनी मापाचा मसाला कालवला, साच्यात भरला आणि म्हणाले, "आ करा." साचा तोंडात बसवून बोटांनी दाबून धरला.

धाकट्याचं म्हणणं त्यांना खरंच सांगायचं होतं. तसं ते नंतर स्वतःला शंभरदा सांगत राहिले. पण समोर फोटो होता, खिडकीतून अंगणातली ताडपत्री दिसत होती, आणि समोरच्या माणसाला एक शब्दही बोलता येत नव्हता. जन्मभर ज्याचं कोणी फारसं ऐकून घेतलं नाही, अशा माणसाला ही परिस्थिती चढते. ते बोलत गेले. तुमच्या वडिलांनी पहिलं इंजिन स्वतः सुटं करून जोडलं होतं, ते आठवतं का म्हणाले. त्या इंजिनाच्या जागी हे परक्यांचं डबडं बसवणार. पोरं पुढे विचारतील हा बिल्ला कुणाचा, तर काय सांगायचं? एकदा गेलेली गोष्ट परत येत नाही, बाई. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दुःखाचं होतं की मसाल्याचं, देव जाणे. बाईंनी हात वर केला.

"अजून जरा. हलू नका," अध्यक्ष म्हणाले. मसाला केव्हाच घट्ट झाला होता. तरी साचा त्यांनी आणखी थोडा वेळ दाबून धरला, बोलणं संपेपर्यंत.

साचा काढल्यावर बाईंनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि पहिलाच प्रश्न विचारला. "आणि कामगार? त्यांना काय वाटतं?"

बघा, अजून वेळ गेलेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

"माझा सख्खा भाऊच आहे कारखान्यात," अध्यक्ष म्हणाले. एवढंच बोलले. हे खोटं नव्हतं ना? खोटं त्यात काहीच नव्हतं. पुढचं वाक्य काही त्यांच्या तोंडून निघेना. ते साच्यातला ठसा निरखत बसले.

"मग तुम्हाला ठाऊकच असणार," बाई हळू म्हणाल्या.

बाईंनी सही केली नाही. परदेशी कंपनीने महिनाभर वाट पाहिली आणि दुसऱ्या देशात दुसरा कारखाना घेतला. इथल्या कारखान्याला कुलूप लागलं. क्लबात मात्र दिवाळखोरीची बातमी आली तेव्हा आधी सगळे हळहळले, मग हळूहळू एकेकाला फोन येऊ लागले. कंपनीच राहिली नाही म्हटल्यावर थोरलीला भाव आला. औषधवाल्याने आपल्या गाडीला मिळालेला आकडा तीन वेळा सांगितला, प्रत्येक वेळी हळहळत.

आणि धाकटा? तो आला तो दादाचीच समजूत घालायला.

"तू तुझ्याकडून सांगितलंस," तो म्हणाला. "म्हातारीनेच ऐकलं नाही, त्याला तू काय करणार? गेटवर सगळ्यांना मी तेच सांगितलं. माझ्या भावाने पायाला हात लावायचाच बाकी ठेवला होता म्हटलं."

तेव्हा तरी बोलायचं. पण अध्यक्षांना दातखीळ बसली. त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. बायको सगळं ऐकत होती, तिने एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. काही विचारलं मात्र नाही.

धाकट्याला काम कुठे मिळेना. मग अध्यक्षांनीच उपकार केल्यासारखं क्लबात शब्द टाकला. धाकटा आणि दाराच्या विभागातले त्याचे तिघे सोबती क्लबातल्या गाड्या दुरुस्त करू लागले. ज्यांनी कारखाना मानाने बंद पाडला त्यांच्या गाड्यांची दारं आता कारखान्यातल्या माणसांकडून, पडेल त्या मजुरीत, नीट बसू लागली. वकील म्हणाले, असं काम पूर्वी मिळत नव्हतं हो.

मग मैदानावर मेळावा ठरला. बाईंचा सत्कार. थोरल्या गाड्या गोलाकार लावल्या, मधे खुर्च्या आणि माइक. धाकटा आणि ते तिघे कडेला एका गाडीचं बॉनेट उघडून काम करत होते. वकिलांनी भाषण ठोकलं, फुलं दिली, आणि बाई बोलायला उठल्या. नवी कवळी अगदी चपखल बसली होती. शब्द न् शब्द मैदानाच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू जात होता.

"माझं कौतुक नको," बाई म्हणाल्या. "मी तर सही करणारच होते. पेन हातात होतं. मी वाट बघत होते ती कामगारांची. म्हटलं, पोरं येतील, म्हणतील बाई, सही करा, की लगेच करीन. कोणी आलं नाही. आले ते एकटे हे तुमचे अध्यक्ष. यांनी मला नको म्हणून सांगितलं. यांचा सख्खा भाऊ कारखान्यात. मग मी विचार केला, कामगारांच्याच घरातला माणूस नको म्हणतोय, तर वडिलांचं नाव मी विकायचं कुणासाठी? श्रेय यांचं आहे."

टाळ्या कडाडल्या. वकिलांनी अध्यक्षांना मिठी मारली. "कधी बोललात नाही ते," वकील म्हणाले.

अध्यक्षांनी वकिलांच्या खांद्यावरून पाहिलं. बॉनेटपाशी चौघेही उभे होते. तिघे सोबती अध्यक्षांकडे बघत नव्हते. ते धाकट्याकडे बघत होते. त्यांना अडवलं होतं ते त्याने. एकाने त्याला काहीतरी विचारलं. धाकट्याने मान हलवली, त्याचा दंड धरला, भरभर काही सांगू लागला. त्या माणसाने दंड सोडवून घेतला. मग तिघांनी हातातले पाने तिथेच गाडीवर ठेवले आणि ते फाटकाकडे चालू लागले. धाकटा थोडं अंतर त्यांच्या मागे गेला, हाका मारल्या. त्यांच्यातलं कोणी थांबलं नाही.

तो परत आला तो थेट दादापाशी. आवाज त्याने आजही चढवला नाही.

"ते विचारतायत, तुम्ही दोघा भावांनी मिळून केलंत का हे," तो म्हणाला. "आम्हाला घरी बसवायचं तुमचं आधीच ठरलं होतं का, असं विचारतायत. काय सांगू त्यांना, दादा?"

अध्यक्षांचे ओठ हलले. धाकटा थांबला होता, अजूनही, दादा काहीतरी बोलेल म्हणून.

तेवढ्यात बाईंच्या खुर्चीमागून वकिलांची हाक आली. "अध्यक्ष, फोटोला या. तुमच्यासाठी थांबलोय सगळे."

अध्यक्षांनी एकदा भावाकडे पाहिलं, मग ते गेले आणि फोटोसाठी बाईंच्या शेजारी उभे राहिले.