पपईच्या देठातून मोजलेला श्वास

तुमचा श्वास जन्मतःच हलका आहे, असं तुम्हांला कोणी यंत्र दाखवून सांगितलं आहे का?

मला सांगितलं. भर दुपारी, माझ्या आईकडे बोट दाखवून.

अकोल्याच्या एका जिनात आम्ही मायलेकी रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायचो. सरकी खाली पडते, रुई पुढे उडते, आणि उरलेली धूळ बाईच्या छातीत जाते. खिडकीजवळचे रेचे दुसऱ्या बायांना. आतले, कोंदट भिंतीचे, आम्हांला. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. घरातले देव आम्ही नदीत सोडले होते. जिनात पाण्याचे माठ मात्र अजून दोन होते.

आईची छाती आवळायची. सुट्टीनंतर कामावर गेली की जास्तच. संध्याकाळी वस्तीकडे परतताना ती मध्येच उकिडवी बसायची आणि म्हणायची, "थांब वो बाई. कोनी उरावर बसून राह्यलं असं वाटते."

त्या हंगामात मुंबईहून एक डॉक्टर आले. कापसाच्या धुळीनं छातीचं काय होतं, यावर त्यांचं संशोधन होतं. मालकानं सगळ्यांसमोर कबूल केलं, धुळीचा दोष निघाला तर खोकणाऱ्या बायांना रेच्यावरून उठवून बाहेर अंगणात कापूस निवडायला बसवू, औषधही देऊ. नाही निघाला, तर खोकणारीनं घरी बसावं.

आई त्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आली. लुगडं धुतलेलं नेसली. डॉक्टरला नीट दाखवायचं होतं तिला.

यंत्र ऑफिसच्या ओट्यावर मांडलं होतं. पाण्याच्या मोठ्या डब्यात एक उलटा डबा तरंगत होता. त्याला रबराची नळी, तिच्या टोकाला काचेची तोंडी. फुंकलं की डबा वर उठायचा आणि सुई कागदावर रेघ ओढायची. प्रत्येकीनंतर काच लाल औषधाच्या पाण्यात बुडवत. खिडकीजवळच्या बाया आधी फुंकून गेल्या. हसत, एकमेकींना चिमटे काढत.

आमची पाळी आली तसं मुकादमानं हात आडवा केला.

"काचेले तोंड लावाचं नाई."

"कावून?" मी विचारलं.

"तुमच्या मांगून बाकीच्या बाया फुकत नाईत म्हनतात. उद्या अजून फुकाचं हाये त्यायले."

"औषधात धुवून राह्यले ना काच?"

"धरम बदलला बाई तुमी. थुका थोडीच बदलला?"

लोक हसले. मुकादमानं जिनामागच्या पपईचे देठ तोडून आणले होते. प्रत्येकीला एक पोकळ देठ. तो रबराच्या नळीत खोचायचा, फट राहील तिथं चिंधी गुंडाळायची आणि फुंकायचं. देठाला चीक होता. ओठ चुरचुरत होते.

आई हसून म्हणाली, "चुलीत फुकता फुकता जलम गेला. आता हे एक चूल आनली मुंबईवाल्यायनं."

ती फुंकली. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. मी चिंधी धरून बसले होते. तिचा श्वास माझ्या बोटांवर येत होता. गरम. सगळा बाहेर. डबा जरासा हलला आणि बसला.

"सायेब, वारा बाजूनं निंगून राह्यला," मी म्हणाले. "माह्या हाताले लागते."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "इथल्या चालीरीती बदलायला आम्ही आलेलो नाही. पुढची."

आमच्या सगळ्या जणी फुंकल्या. तरण्या, म्हाताऱ्या. सगळ्यांचा डबा तसाच बसला. मग डॉक्टर मालकाकडे वळले आणि आम्ही तिथं नसल्यासारखं बोलले, "धुळीचा दोष दिसत नाही. खिडकीजवळच्या बायकाही धुळीतच आहेत, त्यांचं ठीक आहे. या समाजाच्या छात्याच मुळात दुबळ्या. जन्मजात."

मालकानं मान डोलावली. आईकडे बोट केलं. "हिला उद्यापासून घेऊ नका."

आईच्या हातात अजून देठ होता. तिनं तो पुसून परत द्यायला पुढे केला.

तो पुढे केलेला हात मी आयुष्यात विसरणार नाही. मी वस्तीत पत्रकं वाचून दाखवत होते, समतेचे शब्द घसा ताणून उच्चारत होते, आणि इथं चिंधी धरून बसले होते. नुसती धरून.

देठ मी हिसकावला आणि मोडला. लाल पाण्यातली काच उचलली, नळीत बसवली आणि फुंकलं. डबा वर गेला. आणखी वर. सुई कागदाच्या काठापाशी पोचली. त्याच समाजाची छाती. त्याच आईच्या लेकीची.

मुकादमाचा पंजा आला तेव्हा काच माझ्या तोंडातच होती.

ती आत फुटली. ओठ फाटला, जीभ चिरली, पुढचा दात हलला. मी पडले. त्यानं बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. झिंज्या धरून ओट्यावरून ओढलं. माझी आई, जिला चार पावलं चालता येत नव्हती, ती त्याच्या पायाशी लोळत गेली आणि पोटरीचा लचका तोडला. त्यानं तिलाही तुडवलं. तिचा खोकला थांबेना. मारही थांबेना.

डॉक्टर ओरडले. वाटलं, मारू नका म्हणतील.

"माझी काच फोडली!" ते म्हणाले. मग मदतनिसाकडे वळून, "हिची रेघ धरू नका. नियमाप्रमाणे घेतलेली नाही."

मार मी सोसला असता. त्या वाक्यानं मला उठवलं. देठातली फुंकर नियमात होती. माझा पुरा श्वास नियमाबाहेर.

मी उठले. तोंडातलं रक्त आणि काच एकदम त्या डब्यातल्या पाण्यात थुंकले. पाणी लाल झालं. खिडकीजवळच्या बाया मागे सरकल्या, एकेक करत ओट्यावरून उतरल्या.

"आता फुकवा," मी म्हणाले. "कोनाले फुकवाचं ते फुकवा."

कोणीच पुढे आली नाही. त्यांच्याच विटाळानं त्यांचं यंत्र बंद पाडलं.

आम्हा दोघींचं काम त्याच दुपारी गेलं. आई आता भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपते. आडवी झाली की श्वास कोंडतो. औषध नाही, कारण तिला झालेला आजार कागदावर नाही. कागदावर फक्त तिची जात आहे. तो कागद मी खोटा ठरवणार आहे. मला माफी नको, कळवळा नको. आईची छाती पुन्हा मोजली गेली पाहिजे, काचेतून, सगळ्यांसारखी. तोवर मी प्रत्येक जिनाच्या दारात उभी राहीन. पुन्हा मारतील. मारू देत.

यंत्राचं पाणी त्यांनी बदललं. नवी काच आली. ते आता अमरावतीच्या जिनांत जाणार, तिथून दर्यापूर, अचलपूर.

रेच्यावरच्या बायांनो, यंत्र तुमच्या जिनात येईल. छाती जरूर मोजून घ्या, ती मोजलीच पाहिजे. पण आधी काच मागा. मुकादम देठ पुढे करील, तेव्हा त्याच्या हातातच राहू द्या. त्याला कुणीही तोंड लावू नका.