पंचवीस पायल्यांचा वूफर

परमेश्वराने हे जग अंदाजपंचे घडवलं, याबद्दल त्याला कधीच माफ न केलेला एकच मनुष्य मी पाहिला आहे, आणि दुर्दैवाने ते माझे थोरले साडू निघाले. भोरात मोजणी खात्यात नोकरी आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेप. ऑफिस सुटलं तरी टेप सुटत नसे. शिंप्याकडे गेले की आधी शिंप्याचा टेप आपल्या टेपाला लावून तपासायचे. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा टेकू लागला की त्याच्या वाट्याला किती इंच येतात ते त्याला सांगायचे, आणि तो बिचारा मार्गासनीपर्यंत उभा राहायचा. माझ्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना यांनी भटजींना थांबवलं. अंतरपाट म्हणे नवरीच्या बाजूने दोन बोटं खाली होता. पुढे माझ्या संसारात जे जे वाकडं झालं त्याचं मूळ त्या दोन बोटांत आहे, असं ते मला दर दिवाळीला समजावत. घरी तव्यावरच्या भाकरीला टेप लावायची सवय मात्र मेव्हणीबाईंनी उलथनं उगारून एका दिवसात मोडली.

माप म्हणजे माप, त्यात नातं नाही, हा त्यांचा मंत्र. सासूबाईंची भाताची खाचरं होती गुंजवणी नदीच्या अंगाला, आणि ती धरणात जायची होती. योगायोगाने त्यांची मोजणी यांच्याकडेच आली. मेव्हण्याने चहा पुढे करत म्हटलं, "दाजी, बांध बी धरा की वाईच." बांध धरला की मोबदला वाढणार होता. दाजींनी चहा घेतला आणि बांध धरला नाही. मेव्हणा वर्षभर बोलला नाही. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "त्यांचं कामच हाय त्ये."

अशा माणसाला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वूफरचं वेड लागलं. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की बारा इंची वूफरला खोकं घरीच बनवता येतं, फक्त आतली पोकळी बरोबर शंभर लिटर हवी. जास्त झाली तर आवाज सैल पडतो. 'बरोबर' हा शब्द वाचून त्यांना भरून आलं असावं. दोन महिने ओटीवर प्लायवूडचा भुसा उडत होता. मेव्हणीबाई पापड माडीवर वाळवत होत्या. बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेले चाचा जाता-येता डोकावून म्हणायचे, "साहेब, पुण्यातनं तयार खोकं आना. निम्म्या तरासात काम हुईल." हे ऐकल्यावर साडूंनी भर बाजारात जाहीर केलं, की संक्रांतीला खोकं वाजवून दाखवीन, आणि मापात एका सुताची चूक निघाली तर हा टेप पुन्हा खिशात ठेवणार नाही. भोरात अशा घोषणा फुकट जात नाहीत. त्या दिवसापासून निम्मा बाजार संक्रांतीची वाट पाहू लागला, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मी सगळ्यात पुढे होतो.

आता खोक्याच्या आत मजबुतीला तिरक्या पट्ट्या ठोकलेल्या, त्यामुळे लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार कामाचा नाही. पाणी ओतून मोजावं तर प्लायवूड फुगणार. शेवटी त्यांनी तोड काढली: तांदूळ. घरच्या पायलीत पाणी भरून आधी तिचं माप काढलं. शंभर लिटर म्हणजे सपाट पंचवीस पायल्या. एवढा तांदूळ सासूबाईंकडेच असणार, म्हणून खोकं टेम्पोत घालून आम्ही सासुरवाडीला गेलो. पुढच्या वर्षी त्या खाचरांत धरणाचं पाणी येणार होतं. तो तांदूळ तिथला शेवटचाच.

सासूबाईंनी खोक्याला प्रदक्षिणा घातली आणि वूफरच्या गोल भोकाशी थांबल्या. "जावईबापू, कणगीला भोक कशापायी? उंदरं शिरतील की!" ही कणगी नाही, हे सांगून उपयोग नव्हता. भोकाला फळी लावली, उघडी पाठ वर येईल असं खोकं पालथं केलं, आणि सासूबाई स्वतः पायली घेऊन बसल्या. पहिली पायली ओतताना म्हणाल्या, "लाभ."

"एक म्हणा, आई."

"एक कशापायी? लाभच म्हनत्यात."

साडूंनी लाभ सोसला. मग ते खोक्यात डोकं घालून फुटपट्टीने तांदूळ सारखा करत बसले. आतला एकेक दाणा सपाट झाला. बाहेर सासूबाईंच्या हातातली पायली मात्र दर खेपेला शिगोशीग भरत होती, वरचे दाणे ओघळून खाली सांडत होते. मी पाहत होतो. मला त्या घरात कधी अशी शीग मिळाली नव्हती, म्हणून जरा जास्तच निरखून पाहत होतो. पंचविसाव्या पायलीला खोकं काठोकाठ भरलं; सपाट असत्या तर तीस लागल्या असत्या. साडूंनी डोकं बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या भुवयांवर कोंडा होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही. तांदूळ परत काढू लागलो तर सासूबाईंनी हात धरला. "जावयाला मोजून घातल्यालं माघारी काढत न्हाईत." तांदळासकट खोकं टेम्पोत चढलं.

संक्रांतीला ओटीवर ही गर्दी. सासूबाई मुद्दाम चार दिवस राहायला आलेल्या, तिळगुळाचं ताट घेऊन दाराशी बसलेल्या. साडूंनी बटण दाबलं. ढोल धडकायला हवा होता, तो नुसताच घुमला. भांडी थरथरली, पण ठोका म्हणून लागेना. लोक खो-खो हसू लागले. चाचांनी मात्र खोक्यावर हात ठेवून नीट ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, खोकं मोठं झालंय. लईच मोठं. मोजलं कुनी?"

साडूंनी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिळगूळ वाटत होत्या, शेजारच्या पोराच्या ओंजळीत मावत नव्हता तरी आणखी घालत होत्या. मला वाटतं, त्याच क्षणी साडूंना सगळं उमगलं. जगातल्या प्रत्येक माणसाला त्याची चूक इंचात सांगणारे हे गृहस्थ. आता हिशेब एका वाक्यात चुकता होणार, म्हणून मी कान टवकारले.

"मी मोजलं," ते म्हणाले. "माझंच माप चुकलं."

सासूबाईंनी तिथूनच समजूत घातली, "असू द्या वो जावईबापू. कमी पडण्यापरीस बरं."

खिशातला टेप त्यांनी चाचांच्या हातात दिला. पुढे रिटायर होईपर्यंत सगळं भोर त्यांना 'पंचवीस पायली' म्हणत राहिलं. खोकं उघडून दुरुस्त करता आलं असतं, पण का उघडलं ते सासूबाईंनी विचारलं असतं, म्हणून ते तसंच घुमत राहिलं.

आता साडू आणि सासूबाई, दोघंही नाहीत. ते गप्प राहिले सासूबाईंसाठी, मी गप्प राहिलो मजा बघायला, एवढा फरक आम्हा दोन जावयांत होता. त्या दिवशी हा माणूस मला फार आवडला. ते त्यांना सांगावं असं वीस वर्षं म्हणत होतो.