धूळ वेगळी, धूर वेगळा

आमच्या घरच्या माणसाचं नाव मारोतराव. घेतलं नाव, आता काय करायचं ते करा! सानगडीच्या राईस मिलमध्ये तीस वर्षं झाली, धान भरडून राहिले. संध्याकाळी घरी येत तं भुवयाही पांढऱ्या. म्हणत, "धुळीनं कोणाचं काय बिघडते, देवका?"

अन् मी देवका मोठी शहाणी! मच्छरासाठी म्हशीच्या कोठ्यात भुशाचा अन् कडुनिंबाच्या पाल्याचा धूर तं सारंच गाव करते. पण आमच्याकडे म्हणतेत, धुरानं छाती मोकळी होते. म्हून मी ह्याइले तसंच धुळीनं भरलेल्या अंगानं धुराजवळ बसवत होती. हे खोकलत, तं मी अजून पाला टाकत होती.

यंदा दसऱ्यानंतर दंडारीची, आमच्या गावच्या नाचगाण्याच्या खेळाची, तालीम सुरू झाली, अन् गाण्याच्या अर्ध्या कडीतच ह्याइचा दम संपला. दंडारीचे म्होरके मधुकरराव म्हणाले, "यंदा मंडईच्या जत्रेत गाणं दुसऱ्याले देऊन टाकू." त्या दिवशी माणूस जेवला नाही. वीस वर्षं हेच गात आले होते ना!

दुसऱ्या दिवशी मी ह्याइले साकोलीच्या दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाईनं सारं विचारलं अन् कपाळाले हात लावला. "अहो, धूळ वाईट, धूरही वाईट, पण दोन्ही मिळाली की भलतंच होतं. धुरातला जो वायू एरवी नाकाघशात अडकतो, तो धुळीच्या बारीक कणांवर बसून थेट छातीत उतरतो. घरी धूर कोण करतं?"

मी सांगाले तोंड उघडलं.

"मीच करतो, बाई," हे म्हणाले. खोटारडा माणूस! मले तिथंच रडू आलं.

औषध सुरू झालं. मिलमध्ये तोंडाले दुपट्टा, घरी आल्याबरोबर आंघोळ. धूर बंद केला अन् म्हशीले मच्छरदाणी आणली. शेजारची कुंताबाई म्हणे, "आता म्हशीले उशीही घे वं!" हास म्हटलं, किती हासतं तं.

भाऊबीजेनंतर मंडई भरली. मधुकररावनं ह्याइलेच उभं केलं. ढोलकी वाजली, ह्याइनं आवाज चढवला. लोकं माना डोलवून राहिले होते, अन् मी पदर मुठीत धरून नुसता श्वास ऐकत होती. एक गेला, दुसरा आला. कुठं अडकला नाही.

घरी जाताना हे खुशीत विचारतेत, "कोणती कडी आवडली तुले?"

मी तं एकही ऐकली नव्हती.

"सारीच," म्हटलं.