चिंचेनं घासलेला नळ

पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात वच्छलाबाईइतकी कष्टाळू बाई शोधून सापडायची नाही, आणि इतकी जळकुकडीही नाही. धाकटी जाऊ गोकुळा हिचं काही चांगलं झालं की हिच्या पोटात दुखलंच म्हणून समजा. गोकुळाचा धान आधी निसवला, लोंब्या धरल्या, गोकुळाची म्हैस व्याली, सगळं हिच्या डोळ्यांत खुपायचं. आणि पाहायला लांब जायला नको, अंगणं लागून, मधे नुसतं कुंपण.

चार वर्षांपूर्वी मनसाराम मिस्त्रीनं दोघींच्या अंगणात एकाच दिवशी नळ बसवले. जस्त चढवलेले लोखंडी पाइप, एकाच गठ्ठ्यातले. पण वच्छलाला वाटलं, गोकुळाचाच जास्त चमकतो. झालं! दुसऱ्या दिवसापासून बाई चिंच आणि राख घेऊन बसली. पाण्याचा पितळी गुंड घासावा तसा रोज पाइप घासायची. वर्षभरात गोकुळाचा पाइप राखाडी, मळकट पडला, हिचा लखलखीत. गोकुळा आळशी आहे, हे तिनं गावभर सांगितलं. तिच्या दारी पाण्याला मी मेले तरी जाणार नाही, हेही वर जोडलं.

यंदा लेकीला, डिंपलला, पाहायला मूल गावचे पाहुणे यायचे होते. नेमका त्याच सकाळी वच्छलाचा पाइप जमिनीजवळ गंजून फुटला. मनसाराम आला तशी ती त्याच्यावर तुटून पडली, जावेला चांगला माल दिला आणि मला खोटा. त्यानं शांतपणे पाइपावरून बोट फिरवलं.

"बाई, माल एकच होता. तो मळकट थरच पाइपाले सांभाळते. तुमी आंबट लावून लावून जस्त खरडून टाकलं. उघड्या लोखंडाले गंज नाई लागन त काय?"

पाहुणे बसमध्ये बसल्याचा फोन आला. घरात थेंब नाही, बोअरिंग गावाच्या पार टोकाला. वच्छलानं गुंड उचलला आणि कुंपणापलीकडे गेली.

गोकुळानं काही न विचारता नळ सोडला. मग खाली पाहत म्हणाली, "बाई, तुमचा नळ पाहून मी चार वर्सं जळून राह्यली होती. वाटे, माह्याच वाट्याले मळका आला."

हेच ऐकायला वच्छलानं चार वर्षं हातांची सालं काढली होती. गुंड भरून वाहू लागला तरी तिला तो उचलवेना. शेवटी गोकुळानंच हात लावून तिच्या डोक्यावर दिला.