पाळन्याचा माहा पाय

आमच्या इकडं पयल्या लेकराचा पाळना मामाकडून जाते. ताई बायंतपनाले नेरले माहेरी आली तवाच मी घरात सांगून टाकलं, पाळना इकत आनाचा नाई, मी बनवतो. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हनले, "तुले खुंटी तं ठोकता येते का?"

मंग आला ताईचा दीर. तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत खुर्च्या बनवते. लाकडाले वाफ देऊन वाकवाचं, हे त्याचं रोजचंच काम. आईनं त्याच्या पोयीवर तूप असं ओतलं, का माह्या पोयीले वास बी नाई आला. वरून म्हने, "पाहुने, पाळना ज्याच्यावर डोलते ते दोन वाकडे पाय तेवढे तुमी करून द्या."

म्हंजे पाळना मामाचा अन् डोलनार काकाच्या पायावर. मी म्हनलं, एक पाय माहा.

आंगनात चुलीवर पान्याचा ड्रम चढवला. त्याची वाफ लोखंडी पाइपात, पाइपात धावड्याच्या ओल्या पट्ट्या, तोंडाले बारदाना. लाकूड नरम झालं का झटकन काढाचं, साच्यावर वाकवाचं अन् शिकंजे आवळाचे. त्याची पट्टी वाकली. माही बी वाकली. हाय काय अन् नाई काय.

"आता सुकू द्या, सालेसाहेब," तो नाकातून म्हने. "आरामानं, भाऊ, आरामानं."

हे तो गाडीले किक मारतानी बी म्हनते, जेवतानी बी. मी त्याची हुबेहूब नक्कल केली तं ताई पोट धरून हासे, "नको रे, इथंच बायंत होईन मी."

पन शेजारची काकू त्याचाच साचा पाहाले आली अन् माह्या आंगाची लाही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोयीले गेला तवा मी माहा पाय शिकंज्यातून काढला अन् आईले नेऊन दाखवला. सांजपर्यंत त्याची वाकनी अर्धी उतरली.

"लंगड्या बकरीचा आनला का रे?" ताई म्हने.

तो हासला नाई. त्याचाच मले जास्त राग आला. त्यानं पट्टीले पुन्हा वाफ दिली, मले जरा जास्तच वाकवाले लावली अन् त्याच्यावाल्या लाकडी पायाले चिटकून आवळली. सुकेपर्यंत मी हात नाई लावला.

आता पाळन्यात भाची हाय. कोनता पाय कोनाचा, मले बी ओयखू येत नाई. बारशाले आई सगळ्याइले सांगे, "मामानं अन् काकानं केला." ते 'अन् काकानं' थोडं हळू म्हनली असती तं काय बिघडलं असतं?

काल भाची रडून राह्यली होती. मी मांजर झालो, कंडक्टर होऊन दिग्रसची गाडी सोडली, आमच्या बाबाचा आवाज बी काढला. रडनं सुरूच. शेवटी थकून नाकातून म्हनलं, "आरामानं, भाऊ, आरामानं."

गप झाली. झोपली बी.

तो तिकडं लोहाऱ्याले खुर्च्या वाकवून राह्यला, अन् मी सख्खा मामा असून त्याच्या आवाजात पाळना हलवून राह्यलो. ताईले सांगतलं नाई. सांगतलं तं ते आधी त्याले फोन लावन.