बँकॉकच्या गल्लीत आंजीचा गोळाभात

नागपूरहून निघालो तेव्हा आम्हा तिघींच्या सामानात कपड्यांपेक्षा खाण्याचंच वजन जास्त होतं. माझी शेजारीण रेखा पोस्टातून निवृत्त झालेली, त्यामुळे पार्सल बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. चिवडा, शेंगा, लोणचं, विजेचा छोटा कुकर आणि वर एक विजेची शेगडीही तिने बॅगेत कोंबली होती. मी आणि सुनंदाने वर्ध्याजवळच्या आंजी गावच्या शाळेत सव्वीस वर्षं एकत्र शिकवलं. शाळेचं वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे असे, म्हणून बँकॉकच्या दिवसांचंही मीच केलं. त्यात चहाच्या वेळासुद्धा लिहिल्या होत्या.

सुनंदाची अट एकच होती. तिची आई मागच्या वर्षी गेली. आईला विहारात एका भंतेजींनी सांगितलं होतं की थायलंडात रोज सकाळी भिक्खू अनवाणी भिक्षेला निघतात आणि लोक भात घेऊन त्यांची वाट पाहतात. तेव्हापासून आईच्या मनात होतं की एकदा तिथे जाऊन आपल्या हातचा गोळाभात (भातासोबत शिजवलेले बेसनाचे तिखट गोळे, वरून कडकडीत फोडणी) द्यायचा. पासपोर्टही काढून ठेवला होता, पण जाणं झालं नाही. आता तोच भात आईच्या नावाने, स्वतः रांधून, सुनंदाला द्यायचा होता. बाकी तुम्ही न्याल तिथे येते, म्हणाली.

दुपारी पोचलो. बँकॉक पहिल्या नजरेत नागपूरसारखंच वाटलं: उड्डाणपूल, गर्दी, ऊन. मग एका वळणावर काचेच्या इमारतींच्या मधून देवळाचं सोनेरी शिखर डोकावलं. जवळजवळ प्रत्येक दुकानापुढे खांबावर एक छोटं देवघर असतं, त्याला सान फ्रा फूम (जागेच्या राखणदाराचं घर) म्हणतात. त्याच्यापुढे लाल सरबताची बाटली ठेवलेली, वर नळीही खोचलेली. देवाला नळी देणारी माणसं मला लगेच आवडली. संध्याकाळी नदीवरून होडीने फिरलो. रेखाने 'जे' (शाकाहारी) असं सगळीकडे सांगूनही भाजीला नाम प्लाचा (माशांच्या पाण्याचा) वास आलाच. त्या रात्री चिवडा कामी आला.

पहिली सकाळ माझ्यामुळे हुकली. दान द्यायचं म्हणजे डोक्यावरून अंघोळ हवी, हा हट्ट माझा. तिघी जणी, न्हाणीघर एक, केस लांब. आम्ही खाली उतरलो तोवर गल्ली झाडून झाली होती आणि भिक्खू केव्हाच परतले होते. वरातीमागून घोडं. सुनंदा म्हणाली, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेच उठलो. कुकरमध्ये भात आणि गोळे छान शिजले. मग रेखाने शेगडीवर तेल तापवलं आणि सुनंदाने मोहरी, हिंग आणि आपल्याकडच्या लाल मिरच्या टाकल्या. खोलीच्या खिडक्या उघडत नाहीत, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आधी आम्ही तिघी खोकलो, मग छतावरची धुराची घंटा किंचाळायला लागली. सगळ्या मजल्यावरची माणसं रात्रीच्या कपड्यांत बाहेर आली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. व्यवस्थापक तरुण होता, रागावला नाही. डोळे पुसत त्याने हात जोडले आणि तुम्ही निघाल तेव्हा परत देतो म्हणून शेगडी घेऊन गेला. या गोंधळात ती सकाळही गेली. आता एकच उरली होती.

त्या दिवशी वेळापत्रकाप्रमाणे आम्ही वाट फोला (वाट म्हणजे विहार) गेलो. आडवे पहुडलेले बुद्ध इतके मोठे की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक नीट दिसत नाही. तळपायांवर शिंपल्याची नक्षी आहे. सुनंदा त्या पायांपाशी बराच वेळ उभी राहिली. मी मागे खांबाला टेकून बसले आणि मला आंजी आठवली.

सुनंदाचं माहेर शाळेला लागून होतं. मधल्या सुट्टीत तिची आई आम्हाला जेवायला हाक मारायची. सुनंदा जायची. मी दारापर्यंत जायचे आणि म्हणायचे, आज माझा उपास आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि यातलं काही नसलं की एखादं व्रत. मग सुनंदाची आई माझ्या हातावर केळं नाहीतर संत्रं ठेवायची, ते खाऊन मी शाळेत परतायचे. सासूबाईंचा धाक होता हे खरं. बौद्धांच्या घरी सून जेवली हे त्यांना चाललं नसतं. पण सासूबाई गेल्या, तरी माझे उपास चालूच राहिले. शाळेत मी मुलांना समतेचा धडा शिकवायचे आणि चांगला शिकवायचे. त्या देवळात बसून मला स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं म्हणायचीही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मी अंघोळीचा हट्ट सोडला. भात कुकरमध्ये झाला, पण फोडणीला विस्तव नव्हता. सुनंदा हिरमुसली. फोडणीवाचून तो आईचा भात नाही, असं तिचं म्हणणं. तरी डबा घेऊन आम्ही गल्लीच्या तोंडाशी गेलो. तिथे आमच्याच वयाची एक बाई भिक्षेसाठी भाताच्या आणि भाजीच्या पिशव्या विकत होती. सगळे तिला 'पा' (मावशी) म्हणत. रेखाने मोबाइलवर भाषांतर करून तिला आमची अडचण दाखवली. तिने वाचलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग सुनंदाने आपल्या मोबाइलमधला आईचा फोटो पुढे धरला.

"मॅ?" पाने विचारलं. मॅ म्हणजे आई. सुनंदाने मान हलवली.

पाने आपली कढई उतरवली, पुसली आणि शेगडीपुढची जागा सोडून बाजूला उभी राहिली. सुनंदाने फोडणी केली. मिरचीचा ठसका साऱ्या गल्लीला लागला, पा खोकता खोकता हसत सुटली. मग तिनेच केळीची पानं आणून भाताच्या पुड्या बांधून दिल्या.

भिक्खू आले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. एक म्हातारे, मागे दोन तरुण. सुनंदाने चपला काढल्या आणि गुडघे टेकले. बाईने भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो, म्हणून पुडी अलगद पात्रात सोडली. म्हातारे भिक्खू पात्राकडेच पाहत होते. कोण देतं, काय देतं, कोणत्या घरचं, त्यांना काही नव्हतं. आधीच्या माणसाने दिलेल्या भातावरच आमची पुडी पडली. ते आशीर्वाद म्हणू लागले. उच्चार निराळे, पण पाली शब्द ओळखीचे असावेत, कारण सुनंदाचे ओठ बरोबर हलत होते. पाने तिच्या हातात पाण्याचं छोटं भांडं दिलं. गेलेल्या माणसाला पुण्य पोचावं म्हणून ते पाणी वाटीत बारीक धारेने ओततात आणि मग झाडाच्या मुळाशी घालतात. आमच्याकडे पितरांना पाणी देतात ते आठवून माझा हात नकळत सुनंदाच्या पाठीवर गेला. ती रडत होती.

डब्यात थोडा भात उरला होता. पाच्या बाकावर बसून सुनंदाने पा मावशीला आणि रेखाला वाढलं. मग डाव हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"कुंदा, आज कोणता उपास हाय?"

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. तिला सगळं माहीत होतं तर. मी म्हटलं, कोणताच नाही, आणि पान पुढे केलं. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आधी जेव. थंडा होऊन राह्यला." मी जेवले. मिरचीचं निमित्त होतं, डोळे पुसायला बरं पडलं.

परतताना नागपूरहून वर्ध्याला गाडी केली. रेखा पुढच्या सीटवर झोपली होती. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. मी सुनंदाला म्हटलं, पुढच्या रविवारी तुझ्याकडे जेवायला येते.

"येजो," ती म्हणाली. मग बाहेर पाहत बोलू लागली. "आई जायच्या आधी दवाखान्यात तुह्या गोष्टी काढे. मले म्हणे, कुंदाबाई आल्या त केळं देजो, नाई त संत्रं. मी म्हटलं, आई, तिचा काई उपास-बिपास नसते, मले ठाव हाय. त म्हणे, मलेही ठाव हाय. पण त्याले साल असते ना, तेवढं तरी तिले आपल्या घरचं खाता येते."

सेलूच्या पुढे कधीतरी तिने माझा हात हातात घेतला आणि वर्धा येईपर्यंत सोडला नाही.

बँकॉकला काय पाहिलं म्हणून लोक विचारतात. मी नदी सांगते, सोनेरी शिखरं सांगते, धुराच्या घंटेची गोष्ट सांगून हसवते. खरी गोष्ट इथे पहिल्यांदा लिहिते आहे. आंजीत एक बाई होती. माझ्या मनात काय आहे ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि सव्वीस वर्षांत तिने मला एकदाही उपाशी शाळेत परत पाठवलं नाही.