आधी सोडवलंत का?

"थांबा! आधी सोडवलंत का?"

हे म्हणताना ताईंचा उजवा हात कॉम्प्युटरच्या डब्यावर पालथा पडलेला असायचा, ताप बघायला पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला माणूस जागच्या जागी थिजायचा. आमच्याकडे ताईंना विचारल्याशिवाय मशीन उघडायची कुणाची टाप नव्हती.

नाशिकच्या अंबड वसाहतीत आमचं लहानसं ड्रॉइंग ऑफिस आहे. वाइनच्या कारखान्यांना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्यांची ड्रॉइंगं आम्ही काढतो. ताई तिथल्या सगळ्यात जुन्या डिझायनर. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे ताईच म्हणत, तेव्हा इथेही तेच राहू द्या.

आता हे सोडवणं काय, ते सांगतो. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन मोजक्याच मशीनवर चालतं आणि ज्या मशीनवर चढवलं त्याला चिकटून बसतं. मदरबोर्ड बदलला की सॉफ्टवेअरला वाटतं, हे कुणी परकंच मशीन आलं. जुन्याच्या नावावर जागा अडकून राहते आणि नवं उपाशी. म्हणून जुन्यावरून लायसन आधी सोडवायचं, मग खोलाखोली करायची. मी नवा होतो तेव्हा ताईंनी मला हे रेशनकार्डावरून समजावलं होतं.

"लग्न झालं आणि मी आधी माहेरी नांदगावला गेले. तिथल्या कार्डातलं नाव कमी केलं, दाखला घेतला, तेव्हा कुठे इथल्या कार्डात नाव चढलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, हातावरची मेंदी तरी उतरू दे!"

"आणि नाव कमी केलंच नसतं तर?"

"तर साखर नांदगावात आणि मी नाशकात."

माझी ड्रॉइंगं तपासतानाही त्यांचा असाच थाट. चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद लांब धरायचा आणि म्हणायचं, "सुरेख. आता पुन्हा काढ." यातल्या 'सुरेख'वर खूश व्हायचं की 'पुन्हा'वर रडायचं, हे मला कधी कळलं नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेली टाकी कधी गळली नाही, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकतो.

एका दसऱ्याला साहेबांना मुहूर्ताची घाई झाली. ताईंच्या मशीनला नवा बोर्ड बसवायचा होता आणि घरची पूजा उरकून ताई यायला वेळ होता. साहेब म्हणाले, "मुहूर्त टळतोय, बसवून टाका." हार्डवेअरवाल्याने बोर्ड बसवला, जुना पिशवीत घालून नेला, आम्ही डब्याला झेंडूची माळ घातली आणि पेढे खाल्ले. मशीन झकास सुरू झालं. सॉफ्टवेअरने मात्र ओळखच दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विंचूरच्या कारखान्याला टाक्यांची ड्रॉइंगं द्यायची होती. त्याशिवाय पत्रा कापता येणार नव्हता, आणि द्राक्षं काही आमच्यासाठी वेलीवर थांबणार नव्हती. साहेबांचा चेहरा पेढ्यासारखाच पिवळा पडला.

हार्डवेअरवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका साहेब. लायसन-बियसन काय नाय लागत. पाच मिनटात फुकट चालू करून देतो. समदेच करतात."

साहेब क्षणभर विरघळले. तेवढ्यात काठपदराची साडी नेसलेल्या ताई दारात उभ्या. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, उद्या आपली ड्रॉइंगं कुणी अशी फुकट ढापली, तर आपण कोणत्या तोंडानं भांडायचं?" मग माझ्याकडे वळल्या, "चल रे, गाडी काढ."

हार्डवेअरवाला दुकानाचं शटर ओढतच होता. "ताई, आज राहू द्या ना. घरी श्रीखंड-पुरी वाट बघून ऱ्हायलीय."

ताईंनी आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आणि आमचा जुना बोर्ड द्या."

दसऱ्याच्या दिवशी सोनं हातात घेऊन नाही म्हणणारा माणूस अजून नाशकात जन्मायचाय. तो बोर्ड घेऊन मुकाट आमच्यामागे आला. जुना बोर्ड पुन्हा डब्यात बसला, सॉफ्टवेअरला आपलं माणूस दिसलं आणि ते उघडलं. ताईंनी लायसन सोडवलं. मग नवा बोर्ड बसवून त्यावर चढवलं आणि साडीचा पदर खोचून ड्रॉइंगला बसल्या. निघताना त्यांनी त्या जुन्या बोर्डावरही एक पान ठेवलं. "जा बाबा आता, तू मोकळा." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ताई आजारी पडल्या. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा लायसन ऑफिसच्या मशीनवरून सोडवून त्यांनी घरच्या लॅपटॉपवर घेतलं आणि जमेल तसं काम करत राहिल्या. माझ्या ड्रॉइंगवर मेसेज यायचा, "सुरेख. आता पुन्हा काढ." पावसाळा सरता सरता तोही थांबला. ताई गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, हे इथे सरळच लिहितो.

त्यांच्या खुर्चीवर बसायला नवीन डिझायनर रुजू झाली. काम तुंबलेलं, आणि लायसन ताईंच्या लॅपटॉपवर. साहेब म्हणायचे, "काकांना फोन कर, लॅपटॉप मागून घे." काका म्हणजे ताईंचे यजमान. ज्या माणसाच्या घरातला दिवा अजून हलवलेला नाही, त्याला कुठल्या तोंडाने म्हणायचं की तुमच्या बायकोचा लॅपटॉप उघडा, आम्हाला लायसन हवंय? मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी विंचूरचीच ऑर्डर आली आणि टाळता येईना. म्हटलं, एकदा नव्या मशीनवर चढवून बघू. जागा शिल्लक नाही असा संदेश येईल, तो साहेबांना दाखवू आणि मग मन घट्ट करून फोन करू.

बटण दाबलं. लायसन बिनबोभाट चढलं.

मग काकांना फोन केलाच. काही मागायला नाही, नुसतंच सांगायला.

"असं होय," काका म्हणाले. "शेवटचं दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती, आणि ही बया लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. मी ओरडलो रे तिच्यावर. अगं, आता तरी पुरे कर म्हटलं. तर म्हणाली, ओरडू नका, एवढं सोडवते आणि उठतेच."